यूसुफ, योसेफ, जुझे : एका नावाची वाटचाल

मराठी मुलखात एकच नाव किती तऱ्हांनी घेतलं जातं हे पाहायचं असेल, तर यूसुफ या नावाकडे पाहावं. आमच्या नागपुरात मोमिनपुऱ्यात 'यूसुफभाई' अशी हाक मारली, की दोन-तीन दुकानांतून तरी माना बाहेर येतात. कच्छी मेमन व्यापाऱ्यांच्या घरात हेच नाव जुसब होतं. चर्चमध्ये मराठी बायबल वाचलं जातं तेव्हा ते योसेफ असतं आणि कॉन्व्हेंट शाळेच्या फाटकावर जोसेफ. केरळातून इथल्या दवाखान्यांत नोकरीला आलेल्या एखाद्या सिस्टरच्या वडिलांचं नाव औसेफ निघतं. गोव्यात उतरलात, तर जुझे. हे सारे एका रांगेत उभे केले तर कुणाला नात्यातले वाटणार नाहीत, पण शाळेच्या हजेरीत खरं म्हणजे सगळ्यांनी एकाच नावाला 'हजर' म्हणायला हवं.

पुष्कळांना हे नाव अरबी वाटतं. अरबी व्याकरणकार मात्र त्याला 'अजमी', म्हणजे परक्या भाषेतून आलेलं नाव मानतात आणि व्याकरणात परक्या नावांचे नियमच त्याला लावतात. नाव हिब्रू आहे. त्याचा अर्थ ज्या प्रसंगातून आला, तो बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात, तिसाव्या अध्यायात सांगितला आहे. याकोबाच्या दोन बायका, लेआ आणि राहेल, सख्ख्या बहिणी. लेआला मुलांमागून मुलं होत होती आणि जिच्यावर याकोबाचा खरा जीव, ती राहेल वांझ म्हणून बोल ऐकत होती. शेवटी तिला मुलगा झाला. तेव्हा ती दोन गोष्टी बोलते. देवानं माझा कलंक काढून टाकला, ही एक. आणि देवानं मला आणखी एक मुलगा द्यावा, ही दुसरी. हिब्रूत काढून घेण्याला 'आसफ' आणि भर घालण्याला 'यासफ' असे जवळजवळ एकाच नादाचे दोन शब्द आहेत. योसेफ हे नाव त्या दोहोंच्या मधोमध उभं आहे. कोशात अर्थ दिलेला असतो तो दुसऱ्या शब्दावरून, 'तो भर घालो'. पण आईच्या बोलण्यात वजाबाकी आणि बेरीज दोन्ही आहेत.

पुढचं फार थोड्यांना आठवतं. राहेलचं मागणं पुरं झालं. तिला आणखी एक मुलगा झाला आणि त्याच बाळंतपणात, वाटेतच, ती गेली. जाता जाता तिनं त्याचं नाव बेनओनी, माझ्या दुःखाचा मुलगा, असं ठेवलं. बापानं ते बदलून बन्यामीन केलं. नावं बदलण्याचा हा उद्योग किती जुना आहे, पाहा.

कुराणात यूसुफ हे नाव २७ वेळा येतं आणि त्यांतले २५ उल्लेख एकट्या बाराव्या सुऱ्यात आहेत. त्या सुऱ्याचं नावच 'यूसुफ'. आयती १११. कुराणात इतर पैगंबरांच्या कथा तुकड्यातुकड्यानं, ठिकठिकाणी येतात. यूसुफची मात्र स्वप्नापासून भेटीपर्यंत सलग सांगितली आहे, आणि कुराण स्वतः तिला कथांमधली सर्वांत सुंदर कथा म्हणतं. भावांनी विहिरीत टाकलं, काफिल्यानं वर काढून थोडक्या दिरहमांना विकलं, मिसरात मालकिणीनं आळ घेतला, तुरुंग झाला, तिथं स्वप्नांचे अर्थ सांगितले आणि शेवटी देशाच्या धान्यकोठारांचा कारभार हाती आला. सुकाळाच्या सात वर्षांत साठवा आणि दुष्काळाच्या सात वर्षांत पुरवून खा, हा त्याचा सल्ला विदर्भातल्या माणसाला निराळा समजावून सांगावा लागत नाही.

मला स्वतःला त्या सुऱ्यातली एक जागा कवी म्हणून फार मोठी वाटते. म्हातारा बाप मुलाच्या आठवणीनं हळहळतो, तेव्हा अरबीत दुःखासाठी जो शब्द येतो तो 'असफ'च्या घरातला आणि त्याला लागूनच यूसुफचं नाव येतं. हिब्रूत आईच्या तोंडी त्या नावाचा नाद बेरजेशी जुळला होता, अरबीत बापाच्या तोंडी तो शोकाशी जुळतो. नाद तोच, फक्त माणूस आणि वेळ बदलली.

कथेत सदरा तीनदा येतो. पहिल्यांदा खोटं रक्त लावलेला, दुसऱ्यांदा पाठीमागून फाटलेला आणि तिसऱ्यांदा आंधळ्या झालेल्या बापाच्या चेहऱ्यावर टाकताच त्याला दृष्टी देणारा. हा तिसरा सदरा आमच्या घरांत बायका फार जिव्हाळ्यानं सांगत. पोटुशी बाई सुऱ्या यूसुफ वाचते, का, तर मूल देखणं व्हावं म्हणून. 'हुस्न-ए-यूसुफ' हा तर उर्दूत रूपाच्या कौतुकाचा शेवटचा शब्द. फारसीत जामीनं पंधराव्या शतकात यूसुफ-जुलैखाचं दीर्घ काव्य लिहिलं. आपल्याला जवळचा आहे तो विजापूरचा हाशमी. आदिलशाहीच्या शेवटच्या काळात त्यानं दखनी भाषेत 'यूसुफ जुलेखा' ही मसनवी रचली. हाशमी आंधळा होता. देखण्या यूसुफची आणि रडून डोळे गेलेल्या याकूबची गोष्ट एका आंधळ्या माणसानं दख्खनच्या बोलीत सांगितली, हे मला अनेक टीकाग्रंथांपेक्षा अधिक काही सांगून जातं.

विजापूर म्हटलं की पहिला आदिलशहा आलाच. त्याचंही नाव यूसुफ. बहमनी राज्य मोडकळीला आलं तेव्हा १४९० च्या सुमारास त्यानं स्वतःची गादी उभी केली. फिरिश्ता या इतिहासकारानं लिहिलं आहे की हा मूळचा तुर्कस्तानच्या सुलतानाचा मुलगा, जीव वाचवण्यासाठी त्याला दूर पाठवलं, तो गुलाम म्हणून विकला गेला आणि बिदरला महमूद गवानाच्या पदरी आला. फिरिश्ता त्याच घराण्याच्या आश्रयानं लिहीत होता, तेव्हा राजपुत्राचा भाग आजचे अभ्यासक सहसा मानत नाहीत. माझ्या मते मूळ यूसुफची कथाच इथं नव्या यूसुफच्या अंगावर चढवली आहे. घरचा लाडका, परदेशी विकलेला, तिथंच सत्तेवर बसलेला. गोष्टीला नाव आणि नावाला गोष्ट, दोघं एकमेकांना ओढत नेतात. या यूसुफची राणी मात्र इथलीच, मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराची बहीण. लग्नानंतर ती बुबूजी खानम झाली.

हा यूसुफ वारला १५१० मध्ये. गोवं त्याच्याच राज्यात होतं आणि त्याच वर्षी ते पोर्तुगिजांनी घेतलं. पोर्तुगिजांबरोबर 'जोझे' आला आणि कोकणी जिभेवर त्याचा जुझे झाला. एका यूसुफच्या मुलखात जुझे जन्मू लागले, पण तसा हिशेब तेव्हा कुणी मांडला असेल असं वाटत नाही. त्यांतला सर्वांत थोर जुझे म्हणजे बाणावलीला १६५१ मध्ये जन्मलेले जुझे वाज. डच अमलाखालच्या श्रीलंकेत कॅथलिकांना बंदी होती, तेव्हा हे लपतछपत तिथं गेले, कँडीच्या राजानं हेर समजून त्यांना कैदेत टाकलं आणि १७११ मध्ये कँडीतच त्यांनी देह ठेवला. २०१५ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद जाहीर केलं.

आता थोडं उत्तरेला, अलिबागच्या किनाऱ्यावर. नवगावजवळ जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, असं बेने इस्राएल लोक परंपरेनं सांगत आले. तेलघाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. भाषा मराठी, आडनावं गावांवरून 'कर' लावून आलेली आणि नावं हिब्रू, पण मराठी अंगरख्यातली. मुंबईत १७९६ मध्ये पहिलं सिनेगॉग बांधणाऱ्या शमुवेल यहेज्केल यांना लोक सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखत. बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत आले. मुंबईच्या मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं तिथले जुने लोक सांगतात.

याच समाजात जोसेफ यहेज्केल राजपूरकर होऊन गेले. जन्म १८३४, मृत्यू १९०५. मुंबईत मुख्याध्यापक होते आणि हिब्रू प्रार्थनांची पुस्तकं त्यांनी मराठीत आणली. ज्या समाजाला आपल्या प्रार्थनेची भाषा कळेनाशी झाली होती, त्याला ती मराठीतून कळू लागली. पुढे १८८० च्या दशकात तर या मंडळींनी हिब्रू बायबलमधल्या सत्पुरुषांवर मराठी कीर्तनं रचली आणि केली. हरिदासांच्या चालींत याकोबाच्या घराण्याच्या कथा! १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली, तर तिथंही 'मायबोली' नावाचं मराठी त्रैमासिक काढलं.

आणखी एक जोसेफ इथलाच. १९३१ च्या १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' झळकला, भारतातला पहिला बोलपट. ज्या नाटकावरून तो घेतला ते लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर, बेने इस्राएल. आपला सिनेमा बोलायला लागला तेव्हाचे संवाद एका पेणकराच्या कथेतले होते. पुढे तेरा वर्षांनी, १९४४ मध्ये 'ज्वार भाटा' आला. पेशावरच्या फळव्यापाऱ्याचा मुलगा, काही काळ देवळालीच्या बार्न्स शाळेत शिकलेला यूसुफ खान त्यात पहिल्यांदा पडद्यावर दिसला, तो दिलीपकुमार या नावानं. नाव सुचवलं देविका राणींनी. पोरगा सिनेमात गेला हे वडिलांना कळू नये, ही त्याचीही सोय होती, असं ते स्वतः सांगत. म्हणजे नाव बदलण्याचं कारण एकच नव्हतं, हे लक्षात ठेवलं पाहिजे. तरीही पेणच्या जोसेफला लेखक म्हणून आपलं नाव चाललं आणि तेरा वर्षांनी पेशावरच्या यूसुफला नायक म्हणून ते चाललं नाही, ही नोंद मनात राहतेच. सिनेमातली माणसं मात्र त्यांना शेवटपर्यंत, म्हणजे २०२१ पर्यंत, यूसुफसाबच म्हणत.

मुंबईच्या प्रथम नागरिकाच्या खुर्चीवरही हे नाव बसलं. १९२५ मध्ये जोसेफ बाप्टिस्टा. लोकमान्यांचे स्नेही, त्यांच्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष. लोकांनी त्यांचा जोसेफ पार पुसून 'काका' करून टाकला. आणि १९४२ मध्ये यूसुफ मेहेरअली. महापौर म्हणून निवडून आले तेव्हा ते येरवड्याच्या तुरुंगात होते. 'सायमन गो बॅक' आणि 'क्विट इंडिया' या दोन्ही घोषणा त्यांच्या. तुरुंगातून निघून कारभाराच्या खुर्चीवर जाणारा यूसुफ, ही कथा इथं विसाव्या शतकात पुन्हा घडली आणि यावेळी ती कुणी रचलेली नव्हती. १९५० मध्ये, पन्नाशीही गाठण्याआधी, ते गेले.

नावाची गंमत अशी की ते आपल्याला नकळत कुठं कुठं येऊन बसतं. इटालियन भाषेत जुझेप्पे म्हणजे जोसेफच. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी, दोघंही जुझेप्पे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९०७ मध्ये मॅझिनीचं चरित्र मराठीत आणलं, तेव्हा मुखपृष्ठावर 'जोसेफ मॅझिनी' असंच छापलं होतं. यूसुफ मॅझिनी असं त्याचं भाषांतर केलं तर व्याकरणाला हरकत घेता येणार नाही. इतर कुणी घेतील, तो भाग वेगळा.

मराठी साहित्यातही हे नाव मोठ्या मानाच्या जागी गेलं, पण ते पुष्कळांच्या लक्षात आलं नाही. १९९० मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. यू. म. पठाण, संतसाहित्याचे आणि महानुभाव पोथ्यांचे अभ्यासक. त्यांच्या नावातला 'यू.' म्हणजे यूसुफखान. यात लपवाछपवी काही नाही. पु. ल., वि. वा., ग. दि. अशी नावांची आद्याक्षरं करण्याची आपल्याकडे रीतच आहे आणि त्या रीतीनं पुरुषोत्तमाला जे केलं तेच यूसुफला केलं. मराठी भाषेनं या नावाला इतक्या सहजपणे आपल्या पंगतीत बसवलं, याचा मला आनंदच वाटतो.

जगात या नावाचा खप आजही मोठा आहे. अमेरिकेत विसाव्या शतकात जोसेफ वरच्या नावांत राहिला. तुर्कस्तानात यूसुफ वर्षानुवर्षं वरच्या यादीत आहे. धर्म बदलणाऱ्यांनाही हे नाव सोयीचं. इंग्लंडचा गायक कॅट स्टीव्हन्स १९७७ मध्ये मुसलमान झाला आणि त्यानं यूसुफ हेच नाव निवडलं. लाहोरच्या ख्रिस्ती घरात जन्मलेला क्रिकेटपटू यूसुफ योहाना २००५ मध्ये मुसलमान झाला, तेव्हा त्याचा योहाना गेला, पुढे मोहम्मद आला आणि यूसुफ जागचा हलला नाही. हलायची गरजच नव्हती. २००६ मध्ये त्यानं एका वर्षात १७८८ कसोटी धावा काढल्या, त्या अशा अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या नावानं.

पण मला सर्वांत जास्त विचार करायला लावते ती इस्राएलच्या सरकारी सांख्यिकी खात्याची यादी. दरवर्षी जन्मलेल्या मुलांना कोणती नावं जास्त ठेवली, ते हे खातं जाहीर करतं. अलीकडच्या वर्षांत मोहम्मद पहिला असतो आणि योसेफ वरच्या पाचांत. हिब्रूत स्वरचिन्हं सहसा लिहीत नाहीत. योसेफ लिहा किंवा यूसुफ लिहा, अक्षरं चारच आणि तीच. अरबीतही चारच अक्षरं, आणि त्याच क्रमानं त्याच आवाजांची. त्यामुळे त्या यादीत यहुदी घरातला योसेफ आणि अरब घरातला यूसुफ एकाच ओळीत, एकाच आकड्यात मोजले जातात. त्या भूमीवर माणसं एकमेकांशी काय करत आली आहेत ते आपण रोज वाचतो. नोंदवहीला मात्र ही दोन मुलं वेगळी काढता येत नाहीत.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे हे नाव आता आजोबांचं झालं आहे. मुसलमान घरांतल्या तरुण आईबापांना आयान, रेहान, अरहान अशी छोटी, गुळगुळीत नावं आवडतात. फॅशन म्हणून असेल तर बोलायचं कारण नाही. प्रत्येक पिढी आपली नावं आणते, आणि सामाजी-हसाजींच्या पणतवंडांनीही सॅम्युएल-इझिकेल करून घेतलंच होतं. पण कारण नेहमी फॅशनच असतं असं नाही.

माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. फ्लॅट शोधताना फोनवर सगळं ठरायचं, भाडं, डिपॉझिट, तारीख. मग करारासाठी नाव विचारलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी दलालाचा फोन यायचा, ''सर, मालकांचं जरा वेगळं ठरलंय.'' असं तीनदा झालं. मागच्या वर्षी त्याला मुलगा झाला. सातव्या दिवशी अकीका, त्याच्या आधी नाव ठरवायचं. माझी थोरली बहीण, आमची आपा, म्हणाली यूसुफ. आमच्या दादांचं, म्हणजे आजोबांचं नाव. दादा मोमिनपुऱ्यात हातमागावर लुगडी विणत.

भाचा मला म्हणाला, ''मामू, तुम्हीच समजावा अम्मीला. नाव असं हवं की फोनवर सांगितलं तर समोरचा दचकू नये.''

आपा म्हणाली, ''पैगंबराचं नाव ऐकून कोण दचकतं रे?''

मी कवी असल्यानं माझ्याकडे नावाच्या अर्थाबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ होतं, वर लिहिलं आहे ते सगळंच. पण ज्याला तीनदा घर नाकारलं गेलं त्याला राहेलची गोष्ट सांगायला तोंड उघडेना. भाच्याच्या सुनेसारख्या शांत बायकोनं, इतका वेळ बाळाला मांडीवर घेऊन ऐकत बसलेल्या त्या पोरीनंच, शेवटी विचारलं, ''अहो, पण आडनाव तर शेखच राहणार ना? मग नुसतं नाव लपवून काय होणार?'' त्यावर भाच्याजवळ उत्तर नव्हतं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग हसला.

नाव ठरलं. आता प्रश्न आला लिहायचं कसं. मी दादांची जुनी कागदपत्रं काढली. २०१९-२० मध्ये आमच्याकडे घरोघरी लोक असेच ट्रंका उघडून कागद जुळवत बसले होते, तेव्हापासून ती एका पिशवीत वेगळी ठेवली आहेत. घराच्या खरेदीखतावर दादा 'इसूब' आहेत. मतदारयादीत 'युसुफ'. रेशनकार्डावर 'युसूफ'. बँकेच्या पुस्तकात इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'ओ' आहे, अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर तो नाही. एकाच माणसाची पाच रूपं, आणि प्रत्येकावर कुठल्या ना कुठल्या साहेबाचा शिक्का.

भाच्यानं ती पिशवी नीट पाहिली आणि जन्मदाखल्याच्या अर्जात पहिला 'यू' दीर्घ, दुसरा 'सु' ऱ्हस्व, इंग्रजीत 'ओ' नाही, असं ठरवून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. आधार, शाळा, पासपोर्ट सगळीकडे हेच, म्हणून बायकोलाही बजावलं. आपानं बाळाला उचललं होतं. ती त्याला खिडकीशी नेऊन 'इसूब, ए इसूब' करत होती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)